कठीण निर्णय आणि ख्रिस्ती श्रद्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशातली नोकरी, लग्न, वडिलांची जमीन, अतिदक्षता विभागातलं आपलं माणूस. अशा वेळी ख्रिस्ती माणसाला चहूकडून एकच सल्ला मिळतो: "प्रार्थना कर, देव मार्ग दाखवील." सल्ला खरा आहे, पण अपुरा आहे. प्रार्थनेला बसल्यावर काय करायचं, किती दिवस करायचं, मनात आलेला विचार देवाकडून आहे की आपल्याच भीतीतून आलाय हे कसं ओळखायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. खालची उत्तरं कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांना धरून लिहिली आहेत. दोघांचे नियम वेगळे पडतात तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

देवाने माझ्यासाठी एकच बरोबर पर्याय ठरवून ठेवलाय आणि तो हुकला तर सगळं संपलं, असं असतं का?

असं शास्त्रात कुठेही नाही, आणि या एका समजुतीपायी कित्येक भाविक वर्षानुवर्षं अडकून पडतात. रोमकरांस पत्र १२:२ मध्ये पौल मनाच्या नवीकरणाबद्दल बोलतो. मन बदलत गेलं की देवाची इच्छा पारखता येऊ लागते, असा त्याचा क्रम आहे. याकोब १:५ सांगतं की ज्याला ज्ञान उणं आहे त्याने ते मागावं, देव दोष न लावता देतो. इथे वचन दिलंय ते ज्ञानाचं. ते ज्ञान वापरून निवड करायचं काम आपल्याकडेच राहतं.

म्हणून आधी प्रश्न कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. लाच द्यायची का, अनुभवाचा खोटा दाखला लावून व्हिसा मिळवायचा का, बहिणीची सही फसवून घ्यायची का, यांवर प्रार्थना करून उत्तर शोधायची गरज नाही. उत्तर आधीच दिलेलं आहे. दिलेल्या वचनांचंही तसंच आहे. लग्नाची शपथ झालेली असेल, पदरात मूल असेल, तर ती जबाबदारी घ्यायची की नाही हा प्रश्नच उरत नाही. ती नीट कशी पार पाडायची एवढंच ठरवायचं असतं. लोयोलाचा संत इग्नेशियस (१४९१–१५५६) याने निर्णयाची जी पद्धत लिहून ठेवली तिचा पहिला नियम हाच आहे: पारख करायची ती दोन चांगल्या गोष्टींमध्ये किंवा निदान ज्यात पाप नाही अशा गोष्टींमध्ये. एवढी चाळण लावली तरी बरेच "कठीण" प्रश्न सुटतात. ते कठीण वाटत होते कारण उत्तर माहीत होतं आणि नको होतं.

प्रार्थनेला बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

बसण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिहा. "माझं पुढे काय होणार?" हा प्रश्न नव्हे, ती काळजी आहे. "डब्लिनच्या रुग्णालयाने दिलेली नोकरी ३० तारखेच्या आत स्वीकारू की नाकारू?" हा प्रश्न. त्यात एक माणूस, एक कृती आणि एक तारीख आहे. वाक्य असं बनत नसेल तर निर्णयाची वेळ अजून आलेली नाही, माहिती गोळा करायची वेळ आहे.

मग सात दिवस, रोज एकाच वेळी, वीस ते तीस मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत. पहिली पाच मिनिटं काहीही न मागता शांत बसा. त्यानंतर एक छोटा उतारा सावकाश दोनदा वाचा. स्तोत्र २५, मत्तय २६:३६–४६, लूक १४:२८–३३ आणि फिलिप्पैकरांस ४:४–९ एवढे चार आळीपाळीने घेतले तरी पुरे. पहिले तीन दिवस "होकार दिलाय" असं मनाशी धरून वावरा. स्वयंपाक करताना, लोकलमध्ये, मुलांचा अभ्यास घेताना. पुढचे तीन दिवस "नकार दिलाय" असं धरा. रोज रात्री दोन ओळी लिहा: आज मन कुठे हलकं झालं, कुठे आक्रसलं. सातव्या दिवशी नवा विचार करू नका, फक्त सहा दिवसांच्या ओळी सलग वाचा.

हे बहुतेकदा बिघडतं ते पहिल्याच दिवशी. माणूस प्रार्थनेत आपली बाजू मांडत बसतो आणि देवाकडे शिक्कामोर्तब मागतो. म्हणून सुरुवातीलाच स्वतःला विचारा: मला नको असलेलं उत्तर आलं तर मी ते ऐकेन का? मनापासून "नाही" आलं तर मूळ प्रश्न बाजूला ठेवा आणि दोन-तीन दिवस फक्त त्या "नाही"बद्दल प्रार्थना करा. आपण कशाला एवढं घट्ट धरून बसलोय, पैशाला, मानाला, की लोक काय म्हणतील याला, हे कळल्याशिवाय पुढच्या पायऱ्या निरुपयोगी आहेत.

फायद्या-तोट्यांची यादी करणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नव्हे का?

मुळीच नाही. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हे खुद्द येशूचं उदाहरण आहे (लूक १४:२८). इग्नेशियसनेही मन शांत असताना बुद्धीने तोलण्याची रीत सविस्तर दिली आहे, आणि त्याची यादी दोन नव्हे, चार रकान्यांची आहे.

समजा, वसईतल्या एका परिचारिकेला आयर्लंडची नोकरी आली आहे. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं, मुलगा नववीत आहे, घराचं कर्ज अजून आठ वर्षं आहे. ती चार रकाने आखते: गेले तर फायदे, गेले तर तोटे, राहिले तर फायदे, राहिले तर तोटे. पहिल्या दोन रकान्यांत अपेक्षित गोष्टी येतात: कर्ज लवकर फिटेल, आईजवळ कुणी नसेल. खरं काही निघतं ते चौथ्या रकान्यात. तिथे ती लिहिते, "राहिले तर मनातून आईला दोष देत राहीन." ही ओळ दोन रकान्यांच्या यादीत आलीच नसती, आणि सगळा निर्णय कदाचित याच ओळीवर फिरतो.

यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे ती कुठून आली ते एका शब्दात लिहा: भीती, मान, पैसा, प्रेम, जबाबदारी. ओळी मोजू नका. आठ किरकोळ फायद्यांपेक्षा एक जबाबदारी जड असू शकते. जी ओळ नुसत्या अंदाजावर उभी आहे तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका, तो तुमचा गृहपाठ. डायलिसिसला आईला नेणार कोण, हे भावाला विचारलंय का, की तो नेईल असं धरून चाललोय? करारातल्या पगारातून घरभाडं आणि कर जाऊन हातात किती उरतं? कुटुंबाला किती महिन्यांनी नेता येतं? आठवडाभर प्रार्थना केली आणि कराराचं दुसरं पान वाचलं नाही, असं होऊ देऊ नका.

तरीही तराजू हलत नसेल तर इग्नेशियस आणखी दोन कसोट्या देतो. एक, कधीही न भेटलेला माणूस हाच प्रश्न घेऊन आला आणि तुम्हाला त्याचं फक्त भलं हवं आहे, तर त्याला काय सांगाल? दोन, मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना आज काय निवडलेलं बरं वाटेल? पहिली कसोटी स्वार्थ बाजूला काढते, दुसरी घाई.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन घ्यायचं, हे चालतं का?

नाही. वचन संदर्भातून काढलं की त्याला हवा तो अर्थ लावता येतो. यिर्मया २९:११ चं उदाहरण घ्या. देवाजवळ तुमच्या हिताच्या योजना आहेत, हे वचन नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी हमखास पाठवलं जातं. ते बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीच्याच ओवीत सुटकेला सत्तर वर्षं लागतील असं म्हटलंय, आणि पाचव्या ओवीत तोवर घरं बांधा, बागा लावा असं सांगितलंय. पूर्ण वाचलं तर हे वचन जास्त धीर देतं, पण उद्याची मुलाखत पास व्हाल असं ते सांगत नाही. निर्णयाच्या काळात निदान पूर्ण अध्याय वाचायचा, एवढी शिस्त ठेवा.

चिठ्ठ्या टाकणं किंवा देवाकडे खूण मागणं?

यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या (प्रेषितांची कृत्ये १:२६), हे खरं. पण दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरल्यानंतर मंडळीने असा निर्णय घेतल्याची नोंद नव्या करारात पुन्हा सापडत नाही. पंधराव्या अध्यायात, परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांचा मोठा वाद आला तेव्हा यरुशलेमेत बैठक बसली, बरीच वादावादी झाली, पेत्र बोलला, बर्णबा आणि पौलाने अनुभव सांगितले, याकोबाने शास्त्राचा आधार दिला, आणि मग "पवित्र आत्म्याला व आम्हाला" योग्य वाटलं असं पत्र गेलं. तो "व आम्हाला" महत्त्वाचा आहे.

गिदोनाच्या लोकरीचं (शास्ते ६:३६–४०) उदाहरण सगळे देतात. गिदोनाला देवाची आज्ञा आधीच मिळाली होती, चौदाव्या ओवीत. लोकरीवरच्या दवाची खूण त्याने संशयापोटी मागितली आणि देवाने ते सहन केलं. ती निर्णयाची पद्धत म्हणून दिलेली नाही. "उद्या अमक्याचा फोन आला तर होकार" अशा अटी घालून माणूस फक्त जबाबदारी टाळतो, आणि हवा तो फोन आला नाही की अट बदलतो.

मनाला शांती वाटली म्हणजे देवाचा होकार समजायचा का?

शांती हा पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही. देवाची आज्ञा टाळून तार्शीशला पळणारा योना भर वादळात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. गेथशेमानेत पित्याची इच्छा स्वीकारणाऱ्या येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळत होता. नुसत्या "कसं वाटतंय" यावर गेलो असतो तर आपण योनाला बरोबर ठरवलं असतं. टाळाटाळीचाही एक सुटकेचा निश्वास असतो, आणि तो पहिल्या दिवशी शांतीसारखाच वाटतो.

फरक ओळखायला वेळ लागतो. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला. तो तेव्हा संत नव्हता, दरबारी मानमरातबाची हौस असलेला सैनिक होता. अंथरुणावर पडल्यापडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा: शौर्य गाजवून एका थोर स्त्रीचं मन जिंकण्याची, आणि संतांसारखं जगण्याची. दोन्ही रंगवताना मजाच यायची. पण पहिल्यानंतर मन कोरडं, असमाधानी व्हायचं, दुसऱ्यानंतर आनंद टिकायचा. हा फरक त्याने टिपला आणि त्यावर पुढची सगळी शिकवण उभी राहिली. थोडक्यात, विचार चालू असतानाच्या भावनेपेक्षा विचार संपल्यावर मागे काय उरतं ते बघा.

खऱ्या समाधानाची लक्षणं वहीत शोधता येतात. ते दोन-तीन दिवस टिकतं. त्यात माणसांबद्दलचं प्रेम वाढतं, निदान कमी होत नाही. कष्टांचा विचार केला तरी ते मोडत नाही. उलट जे समाधान फक्त एका विशिष्ट माणसाशी बोलल्यावर येतं, किंवा तपशिलात शिरलं की विरतं, किंवा ज्याच्यामागे "आता दाखवतोच त्यांना" असा सूर असतो, त्यावर विसंबू नका.

मन पार खचलेलं आहे. अशा वेळी निर्णय घ्यावा का?

घेऊ नका. इग्नेशियसचा सगळ्यात उपयोगी नियम हाच: मन उदास, कोरडं, अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, नवा मोठा निर्णय घेऊ नये. राजीनामा, घटस्फोटाचा अर्ज, साखरपुडा मोडणं, वाटणीची सही, जे थांबवता येतं ते थांबवा. (जिवाला धोका असेल तर हा नियम लागू नाही. त्याबद्दल खाली आहे.)

पहिले राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. देवाचं बोलणं चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर येतं. म्हणून आधी झोप आणि जेवण सुधारा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, असं असेल तर हा श्रद्धेच्या कमतरतेचा प्रश्न मानू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. जीव द्यायचा विचार येत असेल तर घरातल्या एका माणसाला आजच सांगा.

सल्ला कुणाचा घ्यावा? फादर किंवा पाळकांना सगळं सांगितलं तर बाहेर जाईल अशी भीती वाटते.

दोन ते चार माणसं पुरे. त्यातलं एक त्या विषयातलं जाणकार हवं (वकील, डॉक्टर, परदेशात राहिलेलं कुणी), एक तुम्हाला बरीच वर्षं ओळखणारं, आणि एक असं की ज्याला तुमच्या निर्णयातून काही फायदा-तोटा नाही. लग्नाबद्दल फक्त मावशीला आणि जमिनीबद्दल फक्त दलालाला विचारू नये.

गुप्ततेचं म्हणाल तर कॅथलिक पापनिवेदनात सांगितलेलं धर्मगुरूला कुठल्याही परिस्थितीत उघड करता येत नाही. पण फादरांच्या कार्यालयात किंवा व्हरांड्यात झालेल्या गप्पा पापनिवेदन नव्हेत. प्रॉटेस्टंट पाळकांशी बोलताना सुरुवातीलाच विचारा: "हे तुमच्यापुरतं राहील का? घरी किंवा कमिटीत जाणार नाही ना?" असं विचारण्यात काही गैर नाही.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाची एक रीत कुठल्याही मंडळीत करून पाहण्यासारखी आहे. विश्वासातली पाच-सहा माणसं दोन-तीन तास बसतात. ती सल्ला देत नाहीत, फक्त प्रामाणिक प्रश्न विचारतात. "तू जाऊ नकोस असं नाही का वाटत तुला?" हा प्रश्न नव्हे, वेषांतर केलेला सल्ला आहे. "गेलीस तर सगळ्यात आधी कुणाची आठवण येईल?" हा प्रश्न. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना सल्ला न देता बसवणं अवघड जातं, म्हणून नियम आधीच सांगून ठेवावा लागतो.

आणि एखादा विचार कुणालाच सांगू नये असं प्रकर्षाने वाटत असेल तर तोच आधी सांगा. लपूनछपून वाढणारा विचार उजेडात आला की त्याचा जोर ओसरतो, हेही इग्नेशियसचं निरीक्षण आहे.

प्रार्थनासभेत कुणी "देवाने मला तुझ्याबद्दल दाखवलंय" असं सांगितलं तर?

१ थेस्सलनीकाकरांस ५:१९–२१ दोन्ही बाजू सांभाळतं: संदेश तुच्छ मानू नका, आणि सगळं पारखून घ्या. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये अगब संदेष्टा पौलाला सांगतो की यरुशलेमेत तुला बांधतील. संदेश खरा होता. त्यावरून "जाऊ नकोस" हा निष्कर्ष मात्र भोवतालच्या लोकांनी काढला, आणि पौल तरीही गेला. संदेश आणि त्याचा अर्थ या दोन गोष्टी आहेत.

ऐकून घ्या, लिहून ठेवा, आणि त्या जागी होकार देऊ नका. सांगणारा घाई करत असेल, पैसे किंवा दान मागत असेल, घरच्यांपासून तोडत असेल, औषधं बंद करायला सांगत असेल किंवा अमक्याशीच लग्न कर म्हणत असेल, तर तिथून उठा. साखरेचं, रक्तदाबाचं, फिट्सचं औषध कुणाच्याही संदेशावरून बंद करू नये. फिट्सच्या गोळ्या एकाएकी सोडल्या तर जिवावर बेतू शकतं.

माझा निर्णय ठाम आहे, पण घरच्यांना तो मान्य नाही.

मातापित्यांचा मान राखणं ही आज्ञा आहे. सज्ञान माणसाने प्रत्येक बाबतीत त्यांचं ऐकलंच पाहिजे, असं ती सांगत नाही. पण विरोधाची किंमत आधी डोळ्यांसमोर आणावी. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षं मोडून पडला. पुढे दोघं एकत्र आली, लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, तरी त्या वर्षांची झळ खरी होती. निर्णय सदसद्विवेकाचा होता म्हणून तो इतरांना कमी दुखला नाही.

व्यवहारात एवढं करा: निर्णय घरच्यांना तिऱ्हाइताकडून कळू देऊ नका. एकदा पूर्ण ऐकून घ्या, मध्ये उत्तर देऊ नका. त्यांची हरकत त्यांच्याच शब्दांत लिहून काढा आणि वाचून दाखवा. बरेचदा खरी हरकत वेगळीच निघते. "धर्म बुडेल" असं म्हणणाऱ्या वडिलांना खरं तर म्हातारपणी कोण बघणार ही चिंता असते, आणि तिचं उत्तर देता येतं.

जोडीदार ख्रिस्ती नाही. लग्न करावं का, आणि कसं?

करावं का, याला वरचीच पद्धत लावा, पण तीन प्रश्न लग्नाआधीच बोलून घ्या: मुलांचा बाप्तिस्मा, सण-उपासना कुणी कुठे करायची, आणि मरणानंतरचे विधी. "प्रेम आहे, बघू पुढे" यावर सोडलेले हेच तीन प्रश्न नंतर घर फोडतात.

कसं, ते असं. कॅथलिक व्यक्तीला बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये वैध लग्न करायला बिशपांची सूट लागते. कॅथलिक व्यक्ती आपली श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते करण्याचं वचन देते. दुसऱ्या व्यक्तीला या वचनाची कल्पना दिली जाते, पण तिने धर्म बदलण्याची अट नसते. फादरांना निदान तीन महिने आधी भेटा. सूट न घेता फक्त नोंदणी लग्न केलं तर कायद्याने लग्न होतं, चर्चच्या दृष्टीने होत नाही. विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ नुसार दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे नियम एकसारखे नाहीत, काही पाळक असं लग्न लावतच नाहीत, म्हणून हॉल बुक करण्याआधी विचारा.

नवरा मारतो. "क्रूस वाहा, सहन कर" असं सांगतात. हीच देवाची इच्छा आहे का?

नाही. आधी सुरक्षित जागी जा, पारख नंतर. येशूचा क्रूस त्याने स्वतः होऊन उचलला होता, दुसऱ्याचा हात रोखायचं टाळण्यासाठी तो कुणाच्या खांद्यावर ठेवता येत नाही. कॅथलिक चर्चचा कायदाच (कलम ११५३) जोडीदारापासून शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा देतो, आणि उशीर धोक्याचा असेल तर परवानगीची वाट न पाहता निघता येतं. वेगळं राहणं म्हणजे विवाह मोडणं नव्हे. तातडीची मदत ११२ वर, महिलांसाठी १८१ वर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत संरक्षणाचा आणि राहत्या घरात राहण्याचा आदेश मागता येतो. निघताना आधार, बँक पासबुक, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि नेहमीची औषधं सोबत घ्या. समेटाची बैठक बसवायला कुणी आलं तर मारहाण थांबल्याची खात्री होईपर्यंत एकटीने जाऊ नका.

वडील व्हेंटिलेटरवर आहेत. तो काढायला संमती देणं म्हणजे जीव घेणं का?

कॅथलिक शिकवण इथे स्पष्ट आहे आणि फार जणांना ती माहीत नसते. मरण घडवून आणण्यासाठी काही करणं निषिद्ध. पण अपेक्षित फायद्याच्या मानाने फार त्रासाचे, फार जोखमीचे उपचार थांबवणं किंवा सुरूच न करणं मान्य आहे. तिथे आपण मरण आणत नाही, ते अडवता येत नाही हे स्वीकारतो. पोप बाराव्या पायसने २४ नोव्हेंबर १९५७ च्या भाषणात कृत्रिम श्वसनाबद्दलच हे सांगितलं होतं. वेदना शमवणं, स्वच्छता, ऊब हे कधीच थांबवायचं नाही. अन्न-पाणी नळीने द्यावं लागलं तरी, शरीर ते स्वीकारतंय तोवर, तत्त्वतः द्यायचं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकच लेखी नियम नाही, पण बहुतेकांचा कल याच दिशेचा आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून न्या: बरे होण्याची शक्यता आहे का, की फक्त लांबणीवर पडतंय? तीन दिवस आणखी थांबलो तर कोणत्या गोष्टीत फरक दिसायला हवा? काढल्यावर त्यांना धाप लागू नये म्हणून काय द्याल? कायद्याने, सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालानुसार आणि जानेवारी २०२३ मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीनुसार, उपचार थांबवायला डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत लागतं. तुम्ही स्वतः धडधाकट असताना लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत याचं आगाऊ लेखी इच्छापत्र) करून ठेवू शकता: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. त्यात तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं द्या. आईवडिलांशी हे बोलणं अशुभ मानून टाळलं जातं आणि मग अतिदक्षता विभागाच्या दारात चार भावंडं चार दिशांना तोंड करून उभी राहतात.

रुग्णाभ्यंगाचा संस्कार किंवा पाळकांची प्रार्थना शुद्ध असतानाच करून घ्या. तो शेवटचा शिक्का नव्हे, आजाऱ्यासाठीचा संस्कार आहे.

भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतात. सही केली नाही तर नातं तुटेल.

आधी कायदा. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर भारतीय वारसा कायदा १९२५ लागतो. विधवा पत्नीला एक तृतीयांश, उरलेलं मुलांत समान, मुलगा-मुलगी भेद नाही. लग्नात दागिने दिले म्हणून मुलीचा वाटा संपत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत झालं की ते परत फिरवणं फार अवघड. म्हणजे हा निर्णय जवळजवळ कायमचा आहे आणि त्याला तेवढाच वेळ द्यायला हवा. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून वाटा मागतात आणि देव म्हणतो की त्यांचं म्हणणं रास्त आहे. वाटा मागणं लोभीपणा नाही.

प्रेमाने सोडायचा असेल तर जरूर सोडा, पण आधी सातबारा आणि मालमत्ता पत्रक बघा, किती सोडताय ते जाणून घ्या, आणि वर सांगितलेला आठवडा काढा. "आज रजिस्ट्रारकडे नंबर लागलाय, फक्त सही कर" अशा घाईत केलेली सही दान नसते. वसईतली वाडी बिल्डरला द्यायची का, हा प्रश्नही याच कुळातला. तिथे अहाबाने मागितलेल्या नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट (पहिले राजे २१) वाचा, आणि रकान्यांमध्ये विहीर, पाणथळ आणि शेजाऱ्याचा रस्ता यांनाही एकेक ओळ द्या.

निर्णय घेतला. आता शंका येतेय, बदलू का?

ठरल्यावर तो लगेच जाहीर करू नका. दोन-तीन दिवस प्रार्थनेत देवापुढे ठेवा. नवी माहिती आली, किंवा मन शांत असताना सतत खटकत राहिलं, तर पुन्हा बसा. नुसती रात्रीची धाकधूक किंवा कुणाचा टोमणा हे कारण नव्हे. वहीतली तारीखवार नोंद इथे कामी येते: कुठल्या कारणांनी ठरवलं होतं ते स्वतःच्याच अक्षरात दिसतं.

सगळी कारणं स्वच्छ दिसतीलच असं नाही. हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर जून १९३९ मध्ये न्यूयॉर्कला सुरक्षित पोचला आणि जुलैत जर्मनीला परतला. आपले हेतू आपल्यालाच नीट उमगत नाहीत असं त्याने त्या दिवसांतल्या डायरीत नोंदवलं होतं. तरी त्याने पाऊल उचललं.

आणि निर्णय चुकलाच तर?

दुरुस्त करता येईल ते करा: नुकसान भरा, माफी मागा, पुढची पायरी पुन्हा पारखा. पाप आणि चूक वेगळ्या. उपलब्ध माहितीवर प्रामाणिकपणे ठरवलं आणि फसलं, तर त्यासाठी पापनिवेदन लागत नाही. मार्काला बरोबर न्यावं की नाही यावरून पौल आणि बर्णबा कडाक्याने भांडले आणि वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५:३६–४१). कोण बरोबर हे शास्त्र सांगत नाही. पण २ तीमथ्य ४:११ मध्ये तोच पौल मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे, असं लिहितो.

सात दिवस नाहीत, पाचच मिनिटं आहेत. मग?

आधी विचारा: उत्तर खरंच आत्ता द्यायला हवं का? "उद्या सकाळी दहाला सांगतो" एवढं बहुतेक ठिकाणी चालतं, आणि जो तेवढंही थांबत नाही त्याच्याबद्दल तुम्हाला एक गोष्ट कळलेली असते. थांबणं शक्य नसेल तर एक मिनिट गप्प बसा, प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, एका माणसाला फोन लावा. मग दोन पर्यायांपैकी जो नंतर मागे घेता येतो तो निवडा. शस्त्रक्रियेसारख्या प्रसंगी, जिथे उशीरच घातक, तिथे समोरच्या डॉक्टरांचं ऐका आणि सही करा.